पाण्याचा सातबारा

मार्च २०१९ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोझांबिक देशाच्या मध्यभागी, एक समुद्र उगवला. काही दिवस राहिला आणि ओसरला. भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात त्याला नाव नाही. पण युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘सेंटिनेल-१’ उपग्रहांनी त्या आठवड्यात घेतलेल्या प्रतिमांत तो स्पष्ट दिसतो. बेइरा बंदराच्या पाठीमागे, पुंगवे आणि बुझी या दोन नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेला काळाभोर डाग. क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. आपल्या बृहन्मुंबईसारखी तीन शहरे त्यात सहज बुडाली असती.

ही करणी ‘इदाई’ या चक्रीवादळाची. वादळ मोठे विचित्र होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते साध्या कमी दाबाच्या क्षेत्राच्या रूपाने आले, मोझांबिक आणि मलावीत पूर आणून पुन्हा समुद्रात गेले, सामुद्रधुनीत बळ गोळा करून फिरले आणि १४ मार्चच्या रात्री बेइराजवळ धडकले. सुमारे पाच लाख वस्तीचे शहर. वीज, दूरध्वनी, रस्ता, सगळे तुटले. वादळ येऊन गेले असे जगाला वाटले. खरा घात पुढेच होता. जमिनीवर आल्यावर वादळ मंदावले आणि झिंबाब्वेच्या सरहद्दीवरच्या चिमानिमानी डोंगरांवर ओतत राहिले. ते पाणी नद्यांवाटे परत समुद्राकडे निघाले, आणि वाऱ्यातून वाचलेल्या माणसांना पाण्याने गाठले. मोझांबिकमध्ये सहाशेहून अधिक माणसे गेली, झिंबाब्वेत शेकडो. दोन लाखांहून अधिक घरे पडली किंवा मोडली. सुमारे सात लाख हेक्टरांवरची पिके गेली. मका काढणीला आलेला असताना गेली, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला निराळे समजावून सांगायला नको.

हा देश आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. पुढे पोर्तुगीज अमदानीत अनेक गोवेकर तेथे कारकुनी, डॉक्टरी, व्यापार करायला गेले. आणि २०१९ मध्ये बेइराला मदतीसाठी सर्वांत आधी पोचलेल्या परदेशी जहाजांत भारतीय नौदलाची ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ व तटरक्षक दलाचे ‘सारथी’ ही जहाजे होती. बुझी गावातून माणसे सोडवून आणण्याच्या कामात आपले नौसैनिक होते. आपल्याकडे ही बातमी आली आणि निवडणुकीच्या धामधुमीत विरून गेली. असो.

मला बोलायचे आहे ते त्या काळ्या डागाविषयी. पूर आला की हल्ली त्याचा नकाशा निघतो, वृत्तपत्रांत छापून येतो, आणि विज्ञानाने आता पाणी पकडले असा आपला समज होतो. पकडले आहे खरे, पण कसे आणि किती, हे पाहायला हवे.

वादळाच्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असते. साध्या छायाचित्रात ढगांची पाठ तेवढी दिसते. म्हणून रडार वापरतात. उपग्रह वरून तिरप्या दिशेने रेडिओलहरी सोडतो आणि परत येणारा पडसाद टिपतो. ढग किंवा रात्र यांनी त्याचे काही बिघडत नाही. अंधाऱ्या रात्री तळ्याकाठी उभे राहून टॉर्च तिरपा मारून पाहा. काठचे गवत, दगड, झुडपे उजळतात. तळ्याचे शांत पाणी मात्र काळे राहते, कारण प्रकाश त्यावरून घसरून पलीकडे जातो. रडारचे तसेच. जेथून लहर परत आली नाही ते काळे, आणि काळे ते पाणी. पुराच्या आधीची प्रतिमा शेजारी ठेवायची, नव्याने काळे झाले ते वेगळे काढायचे. झाला पुराचा नकाशा. बेइराच्या बाबतीत हे काम काही दिवसांत झाले आणि बचावाच्या नावा, हेलिकॉप्टरे कोठे पाठवायची हे ठरवायला ते नकाशे उपयोगी पडले. हे मोठेच काम आहे.

परंतु डांबरी धावपट्टीही गुळगुळीत असते, तीही काळी दिसते. वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि पाणी पाण्यासारखे दिसेनासे होते. झाडांखाली साचलेले पाणी फांद्यांआड लपते. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे गाव. लहर आधी रस्त्यातल्या पाण्यावर आदळते, तेथून घराच्या भिंतीवर, आणि भिंतीवरून थेट उपग्रहाकडे परत येते. म्हणजे कमरेइतके पाणी भरलेली गल्ली नकाशात लख्ख उजळ, जणू कोरडी. ज्या जागी माणसे सर्वांत दाट, त्याच जागी हा नकाशा सर्वांत कच्चा. जाणकारांना हे ठाऊक असते, ते तशी तळटीपही देतात. पण तळटीप छापायला वृत्तपत्रात जागा नसते आणि मंत्र्याच्या टेबलावर वेळ नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. उपग्रह आपल्या ठरलेल्या फेरीने येतो. पाणी चढले म्हणून धावत येत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे चटकन कळते. ३१ मार्चचा ताळेबंद ३१ मार्चपुरता खरा असतो. ३० तारखेला काय होते आणि एक एप्रिलला काय निघून गेले, ते त्यात शोधू नये. खालच्या सपाटीवर पाणी दिवसचे दिवस उभे होते, म्हणून ते उपग्रहाला सापडले. वर डोंगरात तसे नव्हते. चिमानिमानी भागात रुसितू आणि न्याहोडे या नद्यांच्या संगमावर कोपा नावाची वस्ती होती. दुकाने, घरे, सरकारी नोकरांची बिऱ्हाडे. त्या रात्री डोंगरावरून पाणी, चिखल आणि घराएवढे धोंडे आले आणि वस्ती धुऊन गेली. सकाळी तेथे दगडांचे पात्र होते. काळा डाग दिसेल असे उभे पाणी तेथे राहिलेच नव्हते. रुसितूचे पाणी पुढे बुझीला मिळते. वाहून गेलेली माणसेही नदीबरोबर सरहद्द ओलांडून गेली, आणि काहींना खालच्या गावांतल्या अनोळखी लोकांनी मूठमाती दिली. त्यांच्या मृत्यूची जागा पुराच्या कोणत्याही रंगात रंगवता येत नाही.

म्हणजे नकाशात जे पाणी दिसते ते खरे असते. न दिसणाऱ्या पाण्याबद्दल मात्र नकाशा मुका असतो. आणि सरकारी कामकाजात मुक्या जागेचा अर्थ ‘नुकसान नाही’ असा लावला जाण्याचा धोका असतो. ज्याने पंचनाम्याची वाट पाहिली आहे त्याला हे सांगायला नको.

तरीही माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. आपण पुराचा नकाशा पूर आल्यानंतर काढतो. त्याची खरी गरज आधी असते. चिमानिमानीत पाऊस पडला तेव्हापासून बुझीच्या मुखाजवळ पाणी चढेपर्यंत मध्ये वेळ होता. इतक्या पावसाचे पाणी कोणत्या वाडीत किती चढेल, हे त्या वेळात सांगता यावे यासाठी एकच गोष्ट हाताशी लागते, ती म्हणजे जमिनीची उंची.

बँकेत गहाणखत करताना जमिनीची चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस पाणंद, दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याचे शेत. अशी किती खते माझ्या नजरेखालून गेली याची मोजदाद नाही. चारही दिशा लिहिलेल्या, वकिलाचा सर्च रिपोर्ट जोडलेला, मूल्यांकन झालेले. ही जमीन नदीच्या पात्रापासून किती उंच आहे, हे मात्र मी एकाही कागदावर पाहिले नाही. आणि पाण्याला तर तेवढे एकच वाचता येते.

नोकरीची काही वर्षे मी कृष्णाकाठच्या एका शाखेत होतो. रुजू झालो त्या आठवड्यात तेथल्या शिपाईमामांनी दप्तरखोलीतली लोखंडी मांडणी दाखवली आणि म्हणाले, “साहेब, खालची फळी मोकळीच ठेवायची. ती नदीची.” वरच्या कार्यालयातून तपासनीस आले, त्यांनी ‘जागेचा अपव्यय’ असा शेरा मारला. मामांनी तो ऐकून घेतला आणि फळी मोकळीच ठेवली. त्या शाखेत उंचीची नोंद होती ती एवढीच, आणि ती मामांच्या डोक्यात होती.

मोझांबिकची उंची मोजण्याची कथा मला फार विलक्षण वाटते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जगातील बहुतेक जमिनीची उंची मोजली. पुढे कितीतरी वर्षे गरीब देशांतल्या पुराचे अंदाज याच आकड्यांवर बेतले गेले. आणि नेमक्या त्याच फेब्रुवारीत, खाली मोझांबिकमध्ये, ‘एलिन’ चक्रीवादळाने लिंपोपो आणि सावे या नद्या फुगल्या होत्या. त्या वर्षीच्या पुरांत सुमारे सातशे माणसे मेली; लोक झाडांवर बसून राहिले; एका बाईचे बाळंतपण झाडावरच झाले आणि ते चित्र जगभर गेले. वर यान उंची मोजत होते आणि खाली माणसे उंची शोधत होती.

त्या मोजणीत चूक राहते ती काही मीटरांची. शिवाय झाडाचा शेंडा पुष्कळदा जमीन म्हणून मोजला जातो. डोंगराळ मुलखात त्याने फारसे बिघडत नाही. पण बुझीच्या मुखाशी जमीन पाटासारखी सपाट. तेथे एका मीटरचा फरक म्हणजे पाणी कित्येक किलोमीटर पुढे किंवा मागे. खुद्द बेइरा शहराचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या जेमतेम आसपास आहे. शहराला नाव मिळाले ते पोर्तुगालच्या एका राजपुत्राच्या पदवीवरून, पण त्या भाषेत ‘बेइरा’ या शब्दाचा अर्थ काठ, कड. नाव अगदीच खोटे ठरले नाही.

आधी सांगण्याची धडपड झालीच नाही असे नाही. इदाई आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी उत्तरेकडे धडकलेले ‘केनेथ’, या दोन्ही वादळांच्या वेळी ब्रिटनमधील रेडिंग आणि ब्रिस्टल या विद्यापीठांतील अभ्यासकांनी, युरोपीय हवामान केंद्राच्या मदतीने, नद्या कोठे फुगतील आणि किती लोक पाण्याखाली येतील याचे अहवाल मदत यंत्रणांना दिले. पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्याआधीची एक साधी गोष्ट, खुद्द बुझी नदीवरची. या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मन मदतीने तेथे गावकऱ्यांनीच चालवायची पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली. वरच्या गावांत पर्जन्यमापके, नदीकाठी रंगांचे पट्टे मारलेले खांब, बातमी खाली कळवायला रेडिओ, आणि धोका सांगायला रंगीत निशाणे. रोज मापे घेणारी माणसे गावातलीच. २००७ मध्ये ‘फावियो’ वादळ आले तेव्हा ही यंत्रणा उपयोगी पडली. २०१९ च्या पाण्यापुढे ती अपुरी पडली, कारण तसे पाणी त्या खांबांनी कधी पाहिलेच नव्हते. तरी तिची रीत बरोबर होती. खांबावर पाणी अमुक पट्ट्याला लागले म्हणजे आपल्या अंगणात कधी येणार, हे ज्याचे अंगण त्याला कळत होते.

आपल्याकडे सांगलीकराला आयर्विन पुलाविषयी आणि कोल्हापूरकराला राजाराम बंधाऱ्याविषयी विचारा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोर सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे इदाईच्याच वर्षी, पंचगंगा आणि कृष्णा कोपल्या. तो पूर चक्रीवादळाचा नव्हता, मोसमी पावसाचा होता. पण इतके फूट झाले म्हणजे कोणत्या गल्लीत पाणी, हे जुन्या रहिवाशांना तोंडपाठ होते. फसले ते बहुतांशी नवीन वसाहतींतले, ज्यांना जागा विकताना हा हिशेब कोणी सांगितला नव्हता.

मग सरळ नकाशे काढा, रेषा आखा आणि माणसे हलवा, असे कोणी म्हणेल. मोझांबिकने ते करून पाहिले आहे. २००० च्या पुरानंतर आणि पुढेही कितीतरी कुटुंबांना उंचावर वसवले. घरे वर आली, शेते खालीच राहिली. नदीकाठचा गाळ सोडून माळावर मका पिकत नाही. मग घरातली धडधाकट माणसे हंगामात खाली उतरतात, खोपट बांधतात आणि पाणी आले की तेथेच सापडतात. याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एक हंगाम माळावर काढून पाहावा. जानेवारी २०२१ मध्ये ‘एलोईस’ वादळ आले आणि बुझी पुन्हा पाण्याखाली गेले.

त्या देशात आणखी एक पेच आहे. तेथे जमीन सरकारच्या मालकीची. ती विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्याचा हक्क १९९७ चा कायदा कागदाशिवायही मानतो. ही चांगलीच गोष्ट. पण पाणी ओसरल्यावर, येथे माझे घर होते, हे दाखवायला हातात काही नसते. इदाईनंतर जगभरच्या हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून, उपग्रहाची जुनी चित्रे पाहत, ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर तेथली एकेक झोपडी, एकेक पायवाट काढली. त्या मुलांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण कितीतरी घरे नकाशावर प्रथम आली ती पडल्यानंतर, हेही त्यातून दिसतेच.

आणि कागद असला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. येथे माझ्यातला जुना बँकवाला मला सावध करतो. पुराचा नकाशा गावाच्या आधी बँकेच्या आणि विमा कंपनीच्या हाती पडला तर काय होईल ते मी डोळे मिटून सांगू शकतो. एक परिपत्रक निघेल. पूरक्षेत्रातील तारण स्वीकारू नये. विम्याचा हप्ता दुप्पट. ज्याला जोते उंच करायला, गोठा वर बांधायला कर्जाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच कर्ज बंद. आपल्याकडे जलसंपदा खाते नद्यांच्या पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. गावोगाव या रेषांना विरोध होतो. त्यात बिल्डर असतात, हे खरेच. पण निळ्या रेषेच्या आत चार पिढ्यांचे घर असलेली विधवाही असते. रेषा आली की घराची किंमत जाते, दुरुस्तीची परवानगी अडते, आणि बदल्यात काहीच मिळत नाही. तिने रेषेला शिव्या घातल्या तर तिचे काय चुकले?

म्हणून माझे म्हणणे असे की रेषा आखाच, पण ती ज्या दिवशी जाहीर होईल त्याच दिवशी तिच्या आतल्या माणसासाठी कर्जाची योजनाही जाहीर झाली पाहिजे. जोते उंच करायला, माळ्यावर धान्याची कणगी बांधायला, गुरांसाठी उंचावर सामाईक गोठा उभारायला, कमी व्याजाने आणि लांब मुदतीने. असे कर्ज बुडण्याचा संभव पुरात वाहून गेलेल्या पीककर्जापेक्षा कमी असतो, हे मी बँकेच्याच भाषेत सांगतो.

नकाशाची साधने आता आपल्याकडे कमी नाहीत. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र वर्षानुवर्षे पुरांचे नकाशे काढते. आसाम, बिहार, ओडिशाचे पूरधोक्याचे नकाशासंग्रह त्याने केले आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह गेला. त्याच्या एका रडारची लहर सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीची आहे. ती पाने-फांद्यांतून पार जाते, म्हणजे झाडाखालचे लपलेले पाणीही दिसू शकेल. बुझीकाठची झाडे आणि आपल्या कृष्णाकाठचा ऊस, दोन्ही त्याच्या नजरेखालून बारा दिवसांच्या फेरीत जातात. हे चित्र हैदराबादच्या संगणकातून तलाठ्याच्या चावडीवर कधी येणार, एवढेच विचारायचे आहे.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून एक सदर असते. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, सारे त्यात मावते. त्यातच आणखी एक ओळ घालावी: पुराचे पाणी अमुक साली, जमिनीपासून इतके फूट, इतके दिवस. दिवस लिहायला विसरू नये. उसाचा शेंडा पाण्याखाली दोन दिवस राहिला तर पीक वाचायची आशा असते, आठ दिवस राहिला तर उरत नाही. आणि पाण्याची खूण दोन्ही वेळा भिंतीवर एकाच उंचीला असते.